हिरवा दिवा, कापलेला पाईप आणि ७१,५०० रुपये

घराशेजारी वीज पडल्यावर दुरुस्ती आणि विजेपासून संरक्षण यांच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीत एकूण ७१,५०० रुपये गेले. त्यांपैकी २५,००० रुपये आगाऊ आणि ४६,५०० रुपये काम ‘पूर्ण’ झाल्यावर, दोन्ही वेळा मी स्वतःच्या हाताने फोनवरून पाठवले. हे लिहायला मला चार महिने लागले, कारण माझ्याकडे विज्ञान शाखेची पदवी आहे, रोध (रेझिस्टन्स) म्हणजे काय हे मी एके काळी शिकवणीच्या मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावले आहे, आणि तरीही एका माणसाने माझ्यासमोर मीटरवर खोटा रोध दाखवला तेव्हा मी समजूतदारपणे मान डोलावली.

वीज थेट घरावर पडली नव्हती. ती शेजारच्या झाडावर पडली आणि तिचा लोट तारांवाटे घरात शिरला. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि इंटरनेटचा राउटर अशा चार वस्तू एका क्षणात बंद पडल्या आणि एका स्विचबोर्डामागची भिंत काळी झाली. एमसीबी पडला होता, पण तो पडेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. एमसीबीचे काम जादा प्रवाह तोडण्याचे असते आणि त्याला मिलिसेकंद लागतात. विजेचा लोट मायक्रोसेकंदांत येऊन जातो. टीव्हीला जोडलेला स्टॅबिलायझरही याच कारणाने निरुपयोगी ठरला. त्यानंतरच्या तीन रात्री घरात कोणी धड झोपले नाही. लांब कुठे गडगडले तरी वडील उठून मेन स्विचपाशी जाऊन उभे राहत. ज्या मनःस्थितीत मी त्या माणसाला दार उघडले, ती मनःस्थिती वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

चौथ्या दिवशी तो आला. अशी माणसे नुकसान झालेल्या घरांच्या मागावर कशी असतात, अंगात वीज कंपनीच्या कपड्यांसारखे दिसणारे जाकीट कसे असते आणि ‘तुमच्या शेजाऱ्यांकडेही आम्हीच काम केले’ हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत कसे येते, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. फरक एवढाच की शेजाऱ्यांचे वाक्य या वेळी खरे निघाले. मी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या काकांना विचारले आणि ते म्हणाले, “माणूस चांगला आहे, काम एका दिवसात करतो.” काकांचे काम कसे झाले आहे हे काकांना कसे कळले, असे मी विचारायला हवे होते. जमिनीत गाडलेल्या वस्तूबद्दल शेजाऱ्याची शिफारस घेऊ नये; त्यालाही ती दिसलेली नसते.

आधी त्याने बंद पडलेल्या वस्तू पाहिल्या. टीव्हीचा बोर्ड ९,२०० रुपये, फ्रिजचा ६,८०० रुपये आणि वॉशिंग मशीनचा ५,४०० रुपये, असे २१,४०० रुपये त्याने सांगितले. बोर्ड काढून नेले, दुसऱ्या दिवशी ‘नवे’ बसवले आणि जळालेले भाग ‘कंपनीला परत करावे लागतात’ म्हणून दिले नाहीत. लोटाने बंद पडलेल्या बोर्डात पुष्कळदा वीज आत येते त्या तोंडाशी असलेला फ्यूज आणि शेजारची व्हॅरिस्टर नावाची चकती एवढेच जाते. ती चकती स्वतः मरून पुढचे वाचवण्यासाठीच तिथे बसवलेली असते. पुढे एका जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याने तिन्ही वस्तू उघडल्या, तेव्हा आतले बोर्ड मूळचेच निघाले. त्यांवरच्या चिकटपट्टीवर वस्तूच्या खरेदीच्याच वर्षाची तारीख होती आणि नवे होते ते फक्त फ्यूज आणि चकत्या. जुना भाग हातात पडल्याशिवाय नव्याचे पैसे देऊ नका.

मग मुख्य काम. छतावर तडितरोधक, म्हणजे वीज झेलणारा धातूचा दांडा, आणि तिथून खाली येणारी पट्टी १८,५०० रुपये. तांब्याचा मुलामा दिलेले, प्रत्येकी ३ मीटर लांबीचे दोन पाईप पुरून ‘केमिकल अर्थिंग’ १७,५०० रुपये. मेन बोर्डाजवळ सर्ज प्रोटेक्टरचा, म्हणजे तारांवाटे येणारा लोट रोखणाऱ्या उपकरणाचा, डबा १२,६०० रुपये. आणि तपासणीचे प्रमाणपत्र १,५०० रुपये. प्रमाणपत्राचेही पैसे घेतले, ही गोष्ट मला अजून टोचते. तडितरोधक ‘वीज १०० मीटरच्या परिघात फिरकूच देत नाही’ असे तो म्हणाला. तडितरोधक विजेला पळवून लावत नाही. ती पडलीच तर तिला जमिनीपर्यंत सरळ वाट देणे एवढेच त्याचे काम असते, आणि आयईसी ६२३०५ हे आंतरराष्ट्रीय मानक संरक्षणाचे क्षेत्र धातूच्या दांड्याच्या प्रत्यक्ष आकारमानावरून ठरवते, विक्रेत्याच्या परिघावरून नव्हे. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी ‘१०० मीटर म्हणजे काकांचे घरही आले’ असा हिशेब करत होतो.

दुपारी घरामागून ग्राइंडरचा आवाज आला. मी खिडकीतून विचारले, “काय कापताय?” तो म्हणाला, “टोकाला धार काढतोय, जमिनीत नीट जावा म्हणून.” अर्थिंगचा तो पाईप खड्डा खणून त्यात उभा करायचा आणि भोवती भरण घालायची असते. खड्ड्यात ठेवायच्या पाईपला धार कशाला लागते? हा प्रश्न माझ्या मनात आला, अगदी याच शब्दांत आला, आणि मी तो गिळला, कारण कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला उन्हात उलटतपासणी करणे मला बरे वाटले नाही. मी त्याला थंड पाणी नेऊन दिले. खड्डे पाऊण तासात बुजले. ३ मीटर खोलीचे दोन खड्डे पाऊण तासात एका माणसाकडून होत नाहीत, हे कळायला पदवी लागत नाही.

पण खरा क्षण तो नव्हे. खरा क्षण संध्याकाळी आला. त्याने मला मुद्दाम बोलावले, डिजिटल मीटर काढला, एक क्लिप पाईपच्या डोक्याला आणि दुसरी त्याच पाईपला जोडलेल्या पट्टीला लावली, आणि ०.३ ओहम दाखवला. “साहेब, दहाच्या खाली असले की पास, तुमचे एकाच्याही खाली आहे.” दहाचा आकडा बरोबर आहे, तडितरक्षणाच्या अर्थिंगचा रोध १० ओहमपेक्षा कमी असावा असेच मानतात, आणि त्या एका खऱ्या आकड्याच्या आड सगळे खोटे लपले. दोन क्लिपांमध्ये वीतभर अंतर होते. तो मीटर वीतभर धातूचा रोध दाखवत होता. जमिनीचा त्यात काहीच संबंध नव्हता. अर्थिंग मोजायला वेगळे यंत्र लागते, दोन लोखंडी खुंट्या पुरलेल्या पाईपपासून दूर जमिनीत ठोकाव्या लागतात, लांबची बहुधा वीसतीस मीटरवर आणि दुसरी दोहोंच्या मधे, आणि त्यांच्या तारा अंगणभर पसरतात. माझ्या अंगणात एकही तार पसरली नव्हती. मी त्या आकड्याचा फोटो काढला, नातेवाइकांना पाठवला आणि उरलेले ४६,५०० रुपये दिले. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोन्ही क्लिपा त्यात स्पष्ट दिसतात.

एकेचाळीस दिवसांनी पुन्हा वादळ झाले. या वेळी जवळपास कुठे वीज पडल्याचेही दिसले नाही, नुसता दिव्यांचा प्रकाश एकदा भडकून गेला आणि टीव्ही व फ्रिज पुन्हा बंद पडले. त्यांचे बोर्ड या वेळी खरोखरच जळाले, आणि तो खर्च मी ७१,५०० मध्ये धरलेला नाही. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र शांतपणे जळत होता. खऱ्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये व्हॅरिस्टर निकामी झाला की खूण बदलते, बहुतेकदा हिरव्याची लाल होते, म्हणजे तो बदलायचा. आमचा बदलण्याच्या पलीकडचा होता. दुरुस्ती करणाऱ्याने डबा उघडला, तेव्हा आत एक दिवा, त्याला लावलेला एक रोधक (रेझिस्टर) आणि वजनासाठी ओतलेले प्लास्टर निघाले. प्लास्टरवर एक व्हॅरिस्टर चिकटवलेला होता, त्याचे दोन्ही पाय मोकळे. तो इतका व्यवस्थित मधोमध चिकटवला होता की कारागिरीचे कौतुक वाटावे. डब्याच्या वेष्टनावर ‘१ लाख अँपिअर’ असे मोठ्या अक्षरांत होते, पण खरी माहिती, म्हणजे उपकरणाचा प्रकार आणि लोट येताच तो किती व्होल्टवर रोखून धरतो तो आकडा, कुठेच नव्हती. घरच्या २३० व्होल्टच्या जोडणीसाठी हा आकडा १.५ किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी असलेला घ्यावा. जिथे हा आकडा छापलेला नाही, तो डबा हातातही घेऊ नये.

आणखी एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यानेच दाखवली. डब्याच्या तारा सुबक वेटोळे घालून जवळजवळ २ मीटर लांब सोडल्या होत्या. मला ते वेटोळे फार नीटनेटके वाटले होते. प्रोटेक्टर खरा असता तरी या तारांनी त्याला निकामी केले असते, कारण विजेच्या लोटात तारेच्या दर मीटरमागे सुमारे १ किलोव्होल्टची भर पडते. म्हणून दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत आणि सरळ ठेवायच्या असतात.

मग आम्ही खड्डा उकरला. पाईप ५५ सेंटिमीटरचा निघाला. दुसऱ्या खड्ड्यातला ५२ सेंटिमीटरचा. उरलेले तुकडे कुठे गेले हे सांगायला नको. ते पुढच्या घरांत गेले. खऱ्या यंत्राने मोजलेला रोध १८६ ओहम भरला. याचा अर्थ एवढाच नाही की पैसे वाया गेले. छतावर उंच धातूचा दांडा उभा आणि खाली त्याला वाट नाही, अशी रचना काहीच नसण्यापेक्षा वाईट असते, कारण दांड्यावर वीज पडली तर ती पट्टी सोडून भिंतीतल्या वायरिंगवर किंवा नळावर उडी घेऊ शकते. एकेचाळीस दिवस वडील त्या पट्टीला टेकलेल्या खाटेवर झोपत होते. वर त्या फसवणाऱ्या माणसाने ही अर्थिंग घराच्या जुन्या अर्थिंगला जोडलीही नव्हती. ‘विजेची अर्थिंग वेगळी ठेवायची असते’ असे तो छातीठोकपणे म्हणाला होता. सगळ्या अर्थिंग एकमेकींना जोडलेल्याच असाव्या लागतात, नाहीतर वीज पडताच दोन जागांच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि तो फरक उपकरणांमधून वाट काढतो.

आता ज्यांनी काही करायला हवे होते त्यांच्याविषयी. वीज कंपनीच्या कार्यालयात मला सांगण्यात आले की मीटरच्या पुढचे काहीही त्यांचे नाही. मी म्हटले, तो माणूस तुमच्यासारखे जाकीट घालून फिरतो. त्यावर मला विचारण्यात आले की जाकिटावर कंपनीचे नाव होते का. नव्हते. मग विषय संपला. वायरमनच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या कार्यालयात दोन खेपांनंतर कळले की त्या माणसाकडे परवानाच नाही, आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याचा परवाना रद्द करता येत नाही, त्यामुळे माझा अर्ज त्यांच्या कक्षेत बसत नाही. म्हणजे परवाना काढून फसवले असते तर कारवाई झाली असती! पोलीस ठाण्यात मी ५५ सेंटिमीटरचा पाईप घेऊन गेलो. तिथे तो टेबलावर ठेवू दिला नाही, कारण माती सांडत होती. काम झाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, कामाच्या दर्जाबद्दल वाद आहे, तर हा दिवाणी मामला आहे, असे मला समजावण्यात आले. ३ मीटरचे पैसे घेऊन ५५ सेंटिमीटर पुरणे हा दर्जाचा वाद कसा, हे मी तीन वेळा विचारले. तिसऱ्या वेळी मला बसायला सांगितले आणि दोन तासांनी अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का मिळाला. त्या शिक्क्यानंतर आजवर एकच पत्र आले आहे: संबंधित इसमाचा पूर्ण पत्ता तक्रारदाराने कळवावा.

विमा कंपनीची कथा याहून कडू आहे. घराच्या विम्यात वीज पडून होणारे नुकसान समाविष्ट आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. पाहणीला आलेल्या सर्वेक्षकाने जळालेले भाग मागितले. ते माझ्याकडे नव्हते, असणे शक्यही नव्हते, कारण ते बदललेलेच नव्हते. शिवाय त्यांनी बारीक अक्षरांतले कलम दाखवले: शॉर्टसर्किट किंवा जादा विद्युतदाबाने त्याच विद्युत उपकरणाचे झालेले नुकसान वगळलेले, कारण काहीही असो, ‘वीज धरून’. एका पानावर वीज समाविष्ट आणि सातव्या पानावर वगळलेली. विमा असेल तर आज ते पान वाचा, वादळानंतर नको. आणि नुकसान झालेच तर फोटो काढून, लेखी कळवून, पाहणी होईपर्यंत एकही जळका तुकडा घराबाहेर जाऊ देऊ नका.

आम्ही खर्च करायला हवा होता तो मुळात वेगळ्याच जागी. मेन स्विच बंद ठेवून, सगळी उपकरणे आणि असलेला प्रोटेक्टर सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगर नावाच्या यंत्राने वायरिंगचे इन्सुलेशन तपासून घ्यायचे, ते १ मेगाओहमच्या खाली आले तर ती ओळ सुरू करायची नाही, कारण भिंतीतली भाजलेली तार आठवड्यांनीही पेट घेऊ शकते. हे त्या माणसाने केले नाही आणि मीही मागितले नाही. आता ते करून घेतले आहे. काळ्या भिंतीमागची तार बदलावी लागली. नवी अर्थिंग माझ्यासमोर खणली, पाईपला टेप लावून फोटो काढला, खुंट्या ठोकून मोजली: ४.२ ओहम. मेन बोर्डात टाइप २चा, म्हणजे तारांवाटे आलेला लोट रोखणाऱ्या प्रकारचा, प्रोटेक्टर आहे, आणि इंटरनेटच्या तारेवरही वेगळा आहे, कारण पहिल्या वेळी राउटर त्याच वाटेने गेला होता. एवढे करूनही वादळ दिसले की आम्ही टीव्हीचा प्लग उपटून ठेवतो. थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणताही डबा खात्रीचा नसतो, आणि जो खात्री देतो त्याला दारातूनच परत पाठवावे.

पोलिसांत पाच घरांनी मिळून अर्ज दिला तर त्याला दर्जाचा वाद म्हणणे अवघड जाईल, असे एका वकिलांनी सुचवले. म्हणून मी काकांना त्यांचा खड्डा उकरून पाहण्याची विनंती केली, उकरण्याची मजुरीही देतो म्हणालो. काका नाही म्हणाले. त्यांच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागतो आहे, असे ते सांगतात.