क्यूसीटूल्स: व्हिडिओ-कलेच्या टेपा तपासताना किती उपयोगाचं?

यू-मॅटिक किंवा बीटाकॅम या जुन्या व्हिडिओ-टेपांवरची कलाकृती डिजिटल फाइलमध्ये उतरवली आणि चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला, की अनेकजण काम संपलं असं धरतात. चेकसम एवढंच सांगतो की फाइल बदललेली नाही. चित्र मुळात बिघडूनच आत आलं असेल तर त्याला पत्ता नसतो. तिथे क्यूसीटूल्स लागतं. मोफत आणि मुक्तस्रोत असलेलं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, प्रत्येक फ्रेम मोजून आलेख काढतं आणि आलेखात शंका आली त्या जागेवरची फ्रेम लगेच उघडून दाखवतं.

आधी वायमॅक्स, म्हणजे प्रत्येक फ्रेममधली सर्वाधिक उजळता दाखवणारा आलेख, पाहावा. आठ-बिट मोजपट्टीवर काळा 16 आणि पांढरा 235. रेषा वरच्या टोकाला सपाट टेकलेली दिसली तर उजळ भागातला तपशील कापला गेला आहे, आणि फाइलवर कितीही कष्ट घेतले तरी तो परत येत नाही. टाइम बेस करेक्टरवर (टेपवरून येणारा सिग्नल स्थिर करणाऱ्या यंत्रावर) सिग्नलची लेव्हल उतरवून टेप पुन्हा चालवणं, हाच उपाय.

सगळ्यात मोलाचा आलेख व्हीरेप, म्हणजे चित्रात पुन्हा आलेल्या आडव्या ओळींची मोजणी. टेपवरचा सिग्नल तुटला की करेक्टर आधीची ओळ पुन्हा भरून भोक बुजवतो. डोळ्याला ते सहसा जाणवतही नाही, आलेख मात्र उसळतो. एमएसईएफ हा आलेख फ्रेमच्या दोन फील्डमधला, म्हणजे एकाआड एक ओळींनी बनलेल्या दोन अर्ध्या चित्रांमधला, फरक मोजतो. यू-मॅटिक प्लेअरच्या फिरत्या ड्रमवरचं प्रत्येक हेड (टेप वाचणारा भाग) एकेक फील्ड वाचतं. एका हेडवर टेपची भुकटी बसली की तेवढंच फील्ड खराब होतं आणि रेषा चढून वरच राहते. वेगवान हालचालीतही ती चढते, म्हणून फील्ड वेगळी करून दाखवणारा फिल्टर लावून खात्री करावी.

मग हेड साफ करून तोच भाग पुन्हा उतरवावा आणि दोन्ही आलेख ताडून पाहावेत. उसळी त्याच फ्रेमवर आली तर दोष बहुधा टेपचा. हलली किंवा गेली तर प्लेअरचा.

मर्यादा मोठी आहे, आणि ती कलेच्या बाबतीतच बोचते. अमेरिकन कलाकार जोन जोनस यांच्या ‘व्हर्टिकल रोल’ या व्हिडिओ-कलाकृतीमध्ये (1972) चित्र सतत घसरत राहतं, मधली काळी पट्टी पुन्हापुन्हा येते, तीच त्या कामाची लय आहे. मोजमापाला बिघाड आणि हेतू यांतला फरक कळत नाही. कलाकाराच्या सूचना आणि आधीच्या प्रती पाहिल्याशिवाय एकही लेव्हल ‘सुधारू’ नये.

विश्लेषण संथ आहे. मोठ्या फाइली असतील तर क्यूसीएलआय ही कमांड-लाइन आवृत्ती रात्री लावून ठेवावी. तयार झालेला अहवाल फाइलशेजारीच जपावा, सोबत प्लेअरचं मॉडेल आणि करेक्टरची सेटिंगं लिहून.