शर्यतीतल्या घोडीला उडीसाठी घडवणारा कोल्हापूरचा तबेला: एक परीक्षण

शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे) घोडे लिलावात तुलनेने कमी किमतीत मिळतात आणि उडीच्या खेळाकडे वळणारे अनेक हौशी स्वार आपला पहिला घोडा तिथूनच घेतात. पुण्याचा पावसाळी हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास संपल्यावर मीही अशीच एक कुमैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीची) घोडी घेतली आणि करवीर तालुक्यातल्या एका लहान खाजगी तबेल्यात तिला शिक्षणासाठी ठेवले. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिची प्रगती मी जवळून पाहिली. या तबेल्याची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी, की घोडा उडीसाठी पाठवलेला असूनही तिथे उडीची घाई कोणालाच नसते.

प्रवेशाचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल दाखवल्याशिवाय घोडा ट्रकमधून उतरवू देत नाहीत, आणि अहवाल असला तरी काही दिवस त्याला इतरांपासून वेगळ्या ठाणावर बांधतात. हा रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही, हे लक्षात घेतले तर या नियमाबद्दल कुरकुर करण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर पशुवैद्यांनी घोडीचे दात, पाठ आणि पुढच्या पायांच्या कंडरा तपासल्या. शर्यतीच्या घोड्याची जुनी दुखापत बहुधा या कंडरांतच दडलेली असते आणि उडीनंतर जमिनीवर येताना सगळा भार पुढच्या पायांवर पडतो, म्हणून ही तपासणी मालकाने कधीही टाळू नये. शर्यतीचे हलके अ‍ॅल्युमिनियमचे नाल काढून नालबंदाने तिला पोलादी नाल ठोकले.

खाण्यातला बदल मला विशेष आवडला. शर्यतीच्या तबेल्यात चंदी (दाणा) भरपूर आणि वैरण बेताची असते. त्यामुळे घोडा तापट होतो आणि त्याच्या पोटात व्रणही होऊ शकतात. इथे चंदी हळूहळू कमी करून सुके गवत दिवसभर पुढ्यात ठेवले गेले, आणि खोगीर घालण्यापूर्वी थोडी वैरण खाऊ घालण्याची पद्धत पाळली गेली, कारण भरलेल्या पोटात आम्ल वर उसळून जठराच्या नाजूक भागाला लागत नाही. आपल्याकडे उसाचे वाडे (शेंड्याकडचा हिरवा पाला) सहज आणि स्वस्त मिळत असले तरी शिक्षणातल्या घोड्यांना ते इथे देत नाहीत.

खरे काम सुरू झाले ते लगामापासून. शर्यतीत स्वार लगाम घट्ट धरतो तेव्हा घोडा त्यावर रेलतो आणि आणखी जोरात धावतो, त्यामुळे नवख्या स्वाराने घाबरून लगाम ओढला की अशा घोड्याला तो पळण्याचाच हुकूम वाटतो. जॉकीच्या रिकिबी फार आखूड असल्याने त्याचे पाय घोड्याच्या कुशीला लागत नाहीत, म्हणून पायाचा इशाराही घोड्याला अपरिचित असतो. इतकेच नव्हे, तर जॉकीला खालून पायाला आधार देऊन, अनेकदा चालत्या घोड्यावरच वर चढवतात. त्यामुळे चढताना एका जागी उभे राहणे हासुद्धा माझ्या घोडीसाठी नवा धडा होता. प्रशिक्षकांनी तिला आधी लांब दोरीवर दोन्ही बाजूंना फिरवले, मग पाठीवर स्वार घेऊन मोठ्या वर्तुळात दुडकी (चालणे आणि दौड यांमधली चाल) घेतली आणि प्रत्येक वेळी ती लगामावर रेलली की ओढाओढ न करता वर्तुळ लहान करून तिचा वेग उतरवला. उजवीकडे ती सहज वळत असे, पण डाव्या बाजूला खांदा टाकून बाहेर निसटत असे. हे सुधारेपर्यंत तिच्यासमोर एकही अडथळा उभा केला गेला नाही, आणि या संयमासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन.

त्यानंतर जमिनीवर आडव्या ठेवलेल्या पोलांची पाळी आली. दुडकीसाठी दोन पोलांमधले अंतर साधारण चार ते साडेचार फूट ठेवतात. पहिल्या फेरीत घोडीचा मागचा खूर दुसऱ्या पोलावर आपटला, पोल गडगडला आणि तिने कान मागे टाकून उरलेले पोल एकाच झेपेत ओलांडले. प्रशिक्षकांनी तिला पुन्हा त्यावर घेतले नाही. त्यांनी एक सोडून सगळे पोल बाजूला काढायला लावले आणि तो एक पोल मान मोकळी सोडून नुसत्या चालीने ओलांडून घेतला. नंतर एकेक पोल वाढवताना त्यांनी अंतर वीतभर कमी केले, कारण तिचे पाऊल तेव्हा आखूड पडत होते. काही दिवसांनी ती नाक खाली नेऊन पोल पाहत, पाठ उचलून ओलांडू लागली, तेव्हाच पहिला फुलीचा (दोन पोल एकमेकांवर तिरके ठेवून केलेला) अडथळा उभा राहिला आणि त्याच्यापुढे सुमारे नऊ फुटांवर एक पोल ठेवला गेला, जेणेकरून कुठून उडी घ्यायची हे तिला आपोआप कळावे. आता ती ऐंशी सेंटीमीटरचे सुटे अडथळे शांतपणे घेते. दोन अडथळ्यांमध्ये मात्र अजून वेग वाढवते.

इथल्या मोतद्दारांविषयी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या नोकरांविषयी, स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. त्यांतले काही घोडागाडीच्या शर्यतींच्या वातावरणात वाढलेले आहेत, आणि सकाळी खरारा करताना नुसता हात फिरवून कोणत्या पायात गरमी आहे हे ते सांगतात. एकदा पशुवैद्य येण्याआधीच त्यांनी माझ्या घोडीला कामावरून थांबवले होते आणि तपासणीत सूज खरी निघाली. असा अनुभवी हात विकत मिळत नाही.

उणिवाही आहेत. मैदानाला छप्पर नाही आणि काळ्या मातीवर घातलेला क्रश सँडचा (दगड भरडून केलेल्या वाळूचा) थर पातळ आहे, त्यामुळे अवकाळी पावसानंतर कडेचा भाग निसरडा होतो. जून ते सप्टेंबर या काळात इथे उडीचे शिक्षण नियमित होईल असे मला वाटत नाही. रविवारी मुलांचे वर्ग त्याच मैदानावर असल्याने नव्या घोड्याला पुरेशी जागा मिळत नाही. कामाची लेखी नोंद मालकाला मिळत नाही, सगळे तोंडी सांगितले जाते. बाहेरगावच्या मालकाची यामुळे अडचण होईल. मासिक शुल्कात वैरण, चंदी आणि शिक्षण येते, पण नालबंदी व पशुवैद्यांचा खर्च वेगळा पडतो, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्यावी.

लिलावातून घोडा घेतला असेल आणि पुढच्याच महिन्यात स्पर्धेत उतरवायचे असेल, तर हा तबेला तुमच्यासाठी नाही. ज्यांना आठवड्यातून काही दिवस स्वतः येऊन घोड्याबरोबर शिकता येईल त्यांनी जरूर यावे, कारण प्रशिक्षक मालकालाही खोगिरावर बसवतात आणि त्याची मांड पक्की झाल्याशिवाय घोडा परत नेऊ नये असा आग्रह धरतात. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला घोडा आणला तर मैदानाचा पुरेपूर उपयोग होईल.