लवकर निघण्याची मुभा: पगारी नोकरी, तासांवरचे कंत्राट आणि कामावरचे कंत्राट

आयटी किंवा डिझाइनच्या क्षेत्रात काही वर्षे नोकरी केलेल्या माणसापुढे पुष्कळदा असा प्रस्ताव येतो, की त्याने पेरोलवर न राहता कन्सल्टंट म्हणून काम करावे. रक्कम मोठी दिसते आणि वेळेचे बंधन राहणार नाही, असेही सांगितले जाते. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी वडीलधारे आहेत, त्यांना रकमेपेक्षा ही मोकळीकच अधिक मोलाची वाटते. अशा वेळी सर्वांत आधी कंत्राटातील मोबदल्याचे कलम वाचावे. पैसे तासांचे मिळणार की पूर्ण केलेल्या कामाचे, यावर लवकर निघणे परवडेल की नाही, हे बहुतांशी ठरते.

पगारी नोकरीत चार वाजता निघायचे तर वरिष्ठांना विचारावे लागते आणि कधी अर्ध्या दिवसाची रजा खर्ची पडते. पण रजा शिल्लक असेपर्यंत महिनाअखेरचा पगार तोच राहतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आणि वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींना मात्र तो लागू होत नाही.

तासांवरच्या कंत्राटात कोणाची परवानगी लागत नाही, परंतु टाइमशीटमध्ये न भरलेला प्रत्येक तास थेट बिलातून जातो. वार्षिक १२ लाख रुपये पगाराचे उदाहरण घेऊ. वर्षाच्या २६० कार्यदिवसांतून सण, रजा आणि आजारपणाचे ३५ दिवस वजा केले, तर २२५ दिवस, म्हणजे १,८०० तास उरतात. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि आरोग्य विमा यांचे ढोबळ १ लाख ३० हजार धरले, तर केवळ बरोबरी साधण्यासाठी ताशी सुमारे ७४० रुपये दर हवा. दोन कंत्राटांमधला रिकामा काळ त्यात धरलेलाही नाही. आता रोज एक तास लवकर निघायचे ठरवले, तर वर्षाकाठी सुमारे १ लाख ६६ हजार रुपये सोडावे लागतात. शिवाय अनेक कंत्राटांत ‘सकाळी १० ते सायंकाळी ७ उपलब्ध राहावे’ असे कलम असते. अशा कंत्राटात नोकरीचे बंधन तसेच राहते आणि पगारी रजा तेवढ्या जातात, म्हणून केवळ मोकळ्या वेळेसाठी नोकरी सोडणाऱ्याने ते स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामावरच्या कंत्राटात रक्कम टप्प्यांवर ठरते. ठरलेला टप्पा बुधवारी पूर्ण झाला, तर उरलेला आठवडा आपला असतो. धोका वेगळाच असतो: ‘एवढा एक छोटा बदल’ अशा मागण्या वाढत जातात आणि वाचवलेले तास त्यांतच संपतात. म्हणून किती फेऱ्यांचे बदल मूळ रकमेत धरले आहेत आणि त्यापुढच्या प्रत्येक फेरीचे किती पैसे, हे आधीच लिहून घ्यावे.

केवळ लवकर निघता येते म्हणून कायदा कोणाला स्वतंत्र कंत्राटदार मानतोच, असे नाही. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातील कामगारांना हवे तेव्हा येण्याजाण्याची मुभा होती. तरीही दुपारनंतर आलेल्यास काम मिळत नसे आणि खराब बिड्या नाकारल्या जात. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कारखाने कायद्याखालील कामगार ठरवले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आणखी एका बिडी प्रकरणात मात्र बहुमताने उलट निकाल लागला. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस प्रकरणात शिंपी नगावर पैसे घेत, न कळवता गैरहजर राहू शकत आणि काम नसेल तर दुकान बंद होण्यापूर्वी निघून जात. तरीही ते कर्मचारीच ठरले. कारण शिलाई मशीन मालकाची होती, शिवणाच्या सूचना त्याच्या होत्या आणि काम नाकारण्याचा अधिकारही त्याचाच होता. तेव्हा कंपनीचाच लॅपटॉप, कंपनीच्याच सूचना आणि रोजची हजेरी असेल, तर कागदावर ‘कन्सल्टंट’ लिहिल्याने वाद मिटत नाही. मात्र कर्मचारी म्हणून हक्क मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे भांडावे लागू शकते, हेही लक्षात घ्यावे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात असे. कन्सल्टंटच्या व्यावसायिक शुल्कातून सामान्यतः १० टक्के टीडीएस (आधीच वजा होणारा आयकर) कापला जातो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली, की जीएसटी नोंदणी करावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केलेली असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार करारात देयकासाठी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही. नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा कंत्राटात नसते. नजीकच्या काळात मुलाचा विचार असेल, तर नोकरी सोडण्याची घाई करू नये.

कामावरचे कंत्राट मिळत असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तर ते घ्यावे. बैठकीसाठी दिवसातले दोन ठरावीक तास सोडून इतर वेळ स्वतःच्या सोयीची राहील, हे वाक्य सहीपूर्वी करारात घालून घ्यावे. कंपनी तोंडी कबूल होऊन लेखी नाकारत असेल, तर त्या प्रस्तावापेक्षा सध्याची नोकरी बरी.