काढा की वाफ?
परभणीत थंडी पडली की भाचीचा फोन ठरलेला. "मामी, नाक गच्च झालंय. काढा करू का वाफ घेऊ?"

विषाणू दोन्हींनी मरत नाही बाई, आराम तेवढा पडतो.

वाफ फुकटच. काढ्याला आलं, तुळस, चार मिरे, गुळाचा खडा लागतो, अन् दोन कपांचा एक होईस्तोवर गॅसपाशी उभं राहायचं. पण गरम घोट उतरला की घशाची खवखव निवते. वाफेनं नाक लगेच मोकळं होतं, थोड्या वेळानं पुन्हा जैसे थे. लेकराला उकळत्या पातेल्यावर वाकवू नको, भाजतं.

घसा धरला असेल तर काढा; पित्त उसळत असेल तर मिरे कमी. झोपताना नाक चोंदत असेल तर वाफ. तीन दिवसांत ताप हटला नाही, किंवा दम लागला, तर दवाखाना.