फुलाचा रंग कशाने मोजावा: शेडकार्ड, आरएचएस चार्ट, रंगमापक की फोन?

पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा या झेंडूच्या दोन वाणांतला फरक सांगायला कोणतंही साधन लागत नाही. एक नारिंगी, दुसरा पिवळा; दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात उभा असलेला कुणीही सांगेल. अडचण एकाच रंगाच्या आत येते. निवडून वाढवलेली शेवंती मूळ झाडापेक्षा खरंच गडद आहे, की पाणी दिल्यानंतर तशी दिसते? बोगनवेलीच्या चिठ्ठीवर 'राणी' लिहायचं की 'जांभळा'? नवा वाण नोंदवायचा तर अर्जात रंगाच्या रकान्यात काय भरायचं? या तिन्ही प्रश्नांना तीन वेगळी साधनं लागतात. म्हणून खर्च करण्याआधी आपला प्रश्न कोणता, ते ठरवून घ्या.

साधनाच्या आधी उजेड

विदर्भातल्या बहुतेक रोपवाटिकांत रंग बघितला जातो तो हिरव्या शेडनेटखाली, आणि तिथेच घोळ होतो. नेटमधून येणारा उजेड हिरवट असतो. त्यात लाल मळकट दिसतो आणि पांढऱ्यावर हिरवी झाक येते. आंब्याच्या दाट सावलीतही तेच होतं. उघड्या वावरात दुपारी बारा वाजता फिकट छटा एकमेकींत मिसळून जातात, आणि संध्याकाळी सगळंच पिवळं होतं.

वाण-परीक्षणाचे आंतरराष्ट्रीय निकष दोन पर्याय देतात: कृत्रिम दिवसप्रकाशाची पेटी, किंवा भर दिवसा थेट ऊन न येणारी खोली. पाकळी पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवायची. पेटीतल्या दिव्याचा प्रकाश ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) दिवसप्रकाशाशी जुळणारा हवा. पेटी नसेल तर उत्तरेकडची खिडकी किंवा ओसरी चालते. मात्र भिंत चुन्याने पांढरी केलेली असावी. निळीने पोतलेल्या भिंतीसमोर पांढरी शेवंतीही निळसर वाटते, आणि बघणाऱ्याच्या अंगातला लाल शर्टही छटेवर उतरतो.

आरएचएस चार्ट: ज्याची भाषा सगळे मानतात

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा हा चार्ट १९६६ पासून चालू आहे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत पंख्यासारख्या उघडणाऱ्या चार गड्ड्यांत ९२० छटा आहेत. पट्ट्यांवर आकडा आणि ए ते डी अशी अक्षरं असतात: ए सर्वांत गडद, डी सर्वांत फिकट. १४ ते २३ हा पिवळा-नारिंगी गट, २४ ते २९ नारिंगी, ३६ ते ५६ लाल, ५७ ते ७४ लाल-जांभळा. प्रत्येक छटेच्या मधोमध भोक असतं. पाकळी त्या भोकामागे धरायची, शेजारी नाही. शेजारी धरली की दोन्हींच्या मधली फट डोळ्याला फसवते.

वाण नोंदणीसाठी फुलझाडांचं वर्णन या चार्टच्या आकड्यांतच मागतात, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्न उरत नाही. चार्टचा खरा दोष दुसरा आहे. ९२० छटा ऐकायला भरपूर वाटतात, पण फूल हमखास दोन छटांच्या मध्ये सापडतं. मग एक माणूस ए लिहितो, दुसरा बी. उपाय एकच: दोघांनी एकमेकांना न सांगता आकडे लिहायचे, आणि जुळले नाहीत तर दुसऱ्या झाडाचं फूल घेऊन पुन्हा बघायचं. त्या दोघांपैकी कुणाला लाल-हिरवा फरक कमी कळतो का, हे आधी तपासा. पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा बराच जास्त असतो, आणि ज्याला असतो त्याला बहुधा तो ठाऊकही नसतो.

आणखी एक खोच आहे. चार्टवर शाई असते, पाकळीत रंगद्रव्य. खिडकीजवळ जुळलेली जोडी ट्यूबलाइटखाली सुटते. यात चूक कुणाचीच नाही. दोन्हींचा रंग वेगळ्या पदार्थांतून येतो. नोंद खिडकीतली धरायची.

रंगमापक: फरक किती, ते सांगणारा

यात दोन जाती. साधा कलरीमीटर तीन गाळण्यांतून प्रकाश मोजतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतची, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशातला प्रत्येक रंग किती परत येतो त्याची, वर्णरेखाच काढतो. पहिला स्वस्त पडतो. दुसऱ्याला लाखांत पैसे लागतात, म्हणून तो विद्यापीठात शोधावा. दोन्ही उत्तर देतात ते १९७६ च्या सीआयई (प्रकाश आणि रंगमापनाची आंतरराष्ट्रीय संस्था) पद्धतीत: एल म्हणजे उजळपणा (० काळा, १०० पांढरा), ए म्हणजे लाल-हिरवा, बी म्हणजे पिवळा-निळा. चार्टवरच्या ए-बी अक्षरांशी यांचा संबंध नाही.

समजा जुनी शेवंती एल ६२, ए ३८, बी ७० आणि निवडलेली एल ६०, ए ४१, बी ६४. फरक २, ३ आणि ६. वर्ग करून बेरीज ४९, वर्गमूळ ७. हाच डेल्टा-ई. साधारण १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो. ७ म्हणजे गिऱ्हाइकालाही दिसेल. पण एकाच झाडाच्या दहा फुलांत ५ चा फरक पडत असेल, तर दोन फुलं मोजून काढलेल्या ७ वर काही ठरवू नका. आधी झाडातला फरक मोजा, मग झाडांमधला.

यंत्र आकडा देतंच, चुकीचाही. पाकळी पातळ असते, उजेड आरपार जातो आणि खालच्या टेबलाचा रंग मोजला जातो. म्हणून एकाच फुलाच्या तीन-चार पाकळ्या एकावर एक ठेवा, खाली पांढरी फरशी, आणि थर किती ते वहीत लिहा. मापकाचं भोक अनेकदा ८ मिलिमीटरचं असतं. शेवंतीची अरुंद पाकळी ते झाकत नाही, आणि पट्टेदार फुलात ते दोन रंगांची सरासरी काढून तिसराच, फुलात नसलेला रंग दाखवतं. यंत्र दाबून धरलं तर गुलाबाच्या पाकळीवर काळपट वण उठतो आणि दुसरं मोजमाप त्या वणाचं होतं. एप्रिल-मेच्या उन्हात तोडलेली पाकळी बघता बघता मान टाकते. ओल्या फडक्यात, थर्माकोलच्या डब्यात आणा, पण मोजताना थेंब पुसलेला हवा.

गुलाबी आणि राणी रंगांत एक हिशेबाची चूक हमखास होते. या यंत्रांतला रंगकोन (ए आणि बी यांवरून काढलेली, रंगचक्रावरची छटेची जागा) ० ते ३६० अंशांत असतो, आणि गुलाबी नेमका शून्याच्या दोन्ही बाजूंना बसतो. एका फुलाचा ३५८, दुसऱ्याचा ४; एक्सेलने सरासरी काढली १८१, म्हणजे हिरवा! आधी ए आणि बी यांच्या सरासऱ्या काढा, कोन शेवटी.

फोन आणि शेडकार्ड

फोनचा फोटो गिऱ्हाइकाला दाखवायला उत्तम, मोजायला नाही. कॅमेरा पांढरा स्वतःच ठरवतो, एचडीआर (उजेड-सावली आपोआप जुळवणारी फोनची सोय) लाल-नारिंगी भडक करतो, आणि गडद झेंडूत लाल रंगाची पातळी वर टेकली की पाकळीतल्या शिरा नाहीशा होतात. निळ्या-जांभळ्या फुलांचं आणखी अवघड. काही निळी फुलं लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाशही परत फेकतात. कॅमेऱ्याला तो थोडा दिसला की निळं फूल फोटोत जांभळट येतं. तरी फोटो लागतोच. मग शेजारी राखाडी कार्ड ठेवा, व्हाइट बॅलन्स लॉक करा, एक्सपोजर थोडं उतरवा, आणि जमल्यास रॉ फाइल (फोनने रंग न बदललेली मूळ फाइल) ठेवा.

पेंटच्या दुकानातलं शेडकार्ड फुकट मिळतं. एका रोपवाटिकेच्या आत, माळ्यांना 'हा आपला नंबर चार' असं सांगायला ते पुरतं. बाहेर त्याचा काही उपयोग नाही. कृषी महाविद्यालयाच्या मृद विभागातला मुन्सेल मातीचा चार्ट मागून आणू नका. त्यात काळ्या जमिनीच्या छटा आहेत, राणी रंग नाही.

मग घ्यायचं काय

रोपं विकायची असतील तर फोन, राखाडी कार्ड आणि ठरलेली उत्तरेची ओसरी एवढं बस. वाण नोंदवायचा असेल तर चार्ट, तोही चालू आवृत्तीचा. एकट्याने घेणं जड जात असेल तर शेतकरी उत्पादक कंपनीने एक घ्यावा, किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. तो शेडमध्ये ठेवू नका; उन्हाने पट्ट्या फिक्या होतात आणि हळद-खताच्या बोटांनी डागाळतात. पिढीमागून पिढी निवड करायची असेल तर मापक. पण चार्टचा आकडाही शेजारी लिहाच, कारण डेल्टा-ई वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर फूल उभं राहत नाही.

साधन कोणतंही असो, नोंदीत चार गोष्टी हव्यात: फुलाची अवस्था, पाकळी कोणत्या घेरातली, वरची बाजू की खालची, आणि तारीख. तारीख यासाठी की गुलाबी शेवंतीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य उष्णतेत कमी बनतं. तीच फांदी जानेवारीत गडद आणि मार्चअखेर फिकी. झेंडूचा रंग कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्याचा, तो इतका हलत नाही. बोगनवेलीत आपण जे मोजतो ती पाकळी नसून रंगीत पानं असतात, तेव्हा नोंदीत तसंच लिहा. आणि घाणेरीचा एक घोस घेऊन 'रंग कोणता' विचारू नका: मधली कोवळी फुलं पिवळी, कडेची जुनी गुलाबी, दोन्ही त्याच घोसात.