पॅरामोरचा 'धिस इज व्हाय': आवरून धरलेला आवेश

'धिस इज व्हाय' या अल्बममध्ये सर्वांत आधी लक्षात येते ती वाद्यांच्या मधली मोकळी जागा. नागपुरात माझ्या पिढीने पॅरामोर हा अमेरिकन रॉक बँड 2007 मधल्या 'रायट!' या अल्बमपासून ओळखला. सायबर कॅफेत उतरवून घेतलेली ती गाणी बर्डीच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या सीडींवर भरून हातोहात फिरत असत. त्या गाण्यांत अशी जागा शोधूनही सापडली नसती. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे सूर मुद्दाम खरखरीत केलेली गिटार पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत दुथडी भरून वाहायची आणि तिच्यावर गायिका हेली विल्यम्सचा आवाज तार सप्तकात चढलेला असायचा. 10 फेब्रुवारी 2023 रोजी अटलांटिक रेकॉर्ड्सतर्फे आलेल्या या सहाव्या अल्बममध्ये आवेश कमी झालेला नाही. मात्र तो कुठे सोडायचा आणि कुठे आवरून धरायचा, याचे भान या तिघा कलावंतांना पुरते आलेले आहे, आणि माझ्या मते या अल्बमचे सगळे यश त्या भानात आहे.

हे भान एकाएकी आलेले नाही. टेनेसी राज्यातल्या फ्रँकलिन या गावी शाळकरी वयाच्या मुलांनी सुरू केलेला हा बँड. 2005 मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा हेली विल्यम्स 16 वर्षांची होती. त्यानंतरची कहाणी बरीचशी माणसे सोडून जाण्याची आहे. 2010 च्या अखेरीस जॉश आणि झॅक हे फॅरो बंधू बाहेर पडले, 2015 च्या अखेरीस बास वाजवणारा जेरेमी डेव्हिस गेला आणि 2017 च्या 'आफ्टर लाफ्टर'साठी झॅक पुन्हा ड्रमवर येऊन बसला. दरम्यान 2013 च्या अल्बममधून गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिसंगीताच्या, गायकवृंदाला सोबत घेणारे, पुढे ग्रॅमी मिळवणारे गाणे निघाले होते, तर 'आफ्टर लाफ्टर'ने ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्ह संगीताचे उजळ रंग घेऊन नैराश्याची गाणी नाचत्या ठेक्यावर म्हटली होती. म्हणजे ज्या पॉप-पंकमधून, वेगवान पंक रॉक आणि पॉपच्या चाली यांच्या मिश्रणातून, तो आला त्याची चौकट हा बँड दहा वर्षांपासून सैल करत आलेला आहे. विल्यम्स, गिटारवादक टेलर यॉर्क आणि झॅक फॅरो हेच तिघे लागोपाठच्या दोन अल्बमवर कायम राहिले, असे त्यांच्या इतिहासात प्रथमच घडले; निर्माता कार्लोस दे ला गार्झा हाही आधीच्या दोन अल्बमच्या ध्वनिमुद्रणापासून त्यांच्याबरोबर आहे. एकमेकांच्या वाजवण्याची इतकी सवय झाल्यामुळेच, मला वाटते, दुसऱ्याचे वाद्य बोलत असताना आपले थांबवण्याचा विश्वास त्यांच्यात आलेला आहे.

शीर्षकगीताची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. बास आणि ड्रम यांचा, जवळजवळ फंक म्हणावा असा आटोपशीर ठेका चालू होतो, गिटार अधूनमधून तुटक सूर टाकते आणि विल्यम्स अगदी दबक्या आवाजात गाऊ लागते. गाणे आहे घराबाहेर पडणेच नकोसे वाटणाऱ्या मनःस्थितीचे. महासाथीनंतरच्या जगात जो तो आपले मत दुसऱ्याच्या कानाशी येऊन ओरडत असताना आलेला तो उबग आहे. ध्रुवपदाला आल्यावर अनेक आवाज एकदम उसळतात आणि गाणे मोठे होते, परंतु हा मोठेपणा आधीच्या आकसलेल्या कडव्यांनी कमावलेला आहे. 'रायट!'च्या काळात हाच विषय त्यांच्या हाती आला असता, तर ध्रुवपदाची पातळी पहिल्याच ओळीला गाठली गेली असती आणि पुढे चढायला पायरी उरली नसती.

या बदलाचे निम्मे श्रेय मी झॅक फॅरोच्या ड्रमला देईन. पॉप-पंकमधला ड्रमवादक बहुधा गाण्याला मागून ढकलत राहतो. फॅरो इथे हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेवर, बारीक, द्रुत काम करतो, स्नेअर या करकरीत आवाजाच्या ड्रमचा ठोका आपण वाट पाहतो त्या जागी न टाकता किंचित बाजूला टाकतो, आणि तरीही समेवर येताना कधी चुकत नाही. तालाशी असा खेळ ऐकण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला त्याचे वाजवणे विशेष आवडावे. या अल्बमवर ब्लॉक पार्टी या लंडनच्या बँडचा प्रभाव असल्याचे पॅरामोरने उघडपणे सांगितले आहे. ब्लॉक पार्टीचा पहिला अल्बम 2005 चा, पॅरामोरचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा. किशोरवयात जे संगीत कानावर होते ते तितक्याच नेमकेपणाने वाजवण्याइतका हात तयार व्हायला मधली वर्षे जावी लागली, असे मी त्याकडे पाहतो. यॉर्कच्या गिटारबद्दलही हेच म्हणता येईल. दोन-तीन तारा एकदम छेडून वाजवायच्या पॉवर कॉर्डचे जाड थर त्याने जवळजवळ सोडून दिले आहेत आणि त्यांच्या जागी एकेका तारेवरचे टोकदार, छोटे तुकडे आणले आहेत.

'द न्यूज' या दुसऱ्या गाण्यात हे तुकडे सर्वांत तीक्ष्ण आहेत. जगाच्या दुसऱ्या टोकाला युद्ध चालू आहे, ते पडद्यावर पाहणारी व्यक्ती हतबल आहे, बातम्या बंद केल्या तरी मनातून जात नाहीत, असा त्याचा आशय. संगीताने ही बेचैनी नेमकी पकडली आहे, गाण्याच्या शब्दांनी मात्र ती निम्मीच पकडली; पाहणाऱ्याच्या अस्वस्थतेपाशीच ते थांबतात आणि ज्यांच्यावर युद्ध कोसळले त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याच्या पाठोपाठ येणारे 'रनिंग आउट ऑफ टाइम' हे सतत उशीर होणाऱ्या, मनात चांगुलपणा असूनही तो कृतीत उतरवायला वेळ न काढणाऱ्या माणसाचे गाणे विषयाने लहान, पण जास्त प्रामाणिक आहे. पॉप-पंकमध्ये दोष नेहमी समोरच्याचा असतो. येथे गाणारीने तो सरळ स्वतःकडे घेतला आहे.

चौथे गाणे 'से कॉम सा' मला कच्चे वाटते. कडवी गाऊन न दाखवता बोलून दाखवण्याची कल्पना चांगली आहे, तब्येत आणि मन सावरत असताना येणारा कंटाळा हा विषयही नवा आहे, परंतु ध्रुवपदात एकच फ्रेंच वाक्य घोळवत राहण्याने गाण्याचा जीव लवकर संपतो.

'बिग मॅन, लिटल डिग्निटी' या गाण्यावर थोडे थांबून बोलायला हवे, कारण या बँडचा राग कुठून कुठे आला हे तिथे दिसते. 'रायट!'मधल्या 'मिझरी बिझनेस' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात राग होता तो एका दुसऱ्या मुलीवर, आणि तिच्यासाठी वापरलेला एक अपमानकारक शब्द विल्यम्सला पुढे स्वतःलाच खुपू लागला. 2018 मध्ये बँडने ते गाणे रंगमंचावर गाणे थांबवले आणि 2022 च्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात ते पुन्हा गायला घेतले. आपल्या तारुण्यातल्या गाण्याशी इतका उघड झगडा करणारे कलावंत कमी असतात. नव्या गाण्यात राग आहे तो वाटेल ते करून नामानिराळ्या राहणाऱ्या, किंमत कधीच न मोजणाऱ्या बड्या पुरुषांवर, आणि तो सांगण्यासाठी त्यांनी निवडलेले स्वर आहेत बासरीसारख्या फुंकवाद्यांचे, मऊ आणि जवळजवळ अंगाईच्या वळणाचे. शब्द ऐकले नाहीत तर हे प्रेमगीत वाटावे. ज्याच्याविषयी गाणे आहे त्या माणसावर ओरडण्याचे कष्टही घ्यावेसे वाटू नयेत, इतका तिरस्कार त्या मऊपणात आहे. मला हे या अल्बममधले सर्वांत धीट गाणे वाटते.

त्यानंतरची दोन गाणी जुन्या श्रोत्यांना लगेच जवळची वाटतील. 'यू फर्स्ट'मध्ये गिटार पुन्हा मोठी होते, 'फिगर एट'चे ध्रुवपद उंच झेपावते. दोन्ही चांगली बांधलेली आहेत. मात्र 'यू फर्स्ट' मागच्या अल्बममध्ये असते तरी चालले असते, तर 'फिगर एट'मधले एकाच वर्तुळात गरगरत राहणारे गिटारचे वळण गाण्याच्या आशयाशी इतके जुळून आले आहे की ते या अल्बमचेच आहे हे पटते.

खरी कमाई शेवटच्या तीन गाण्यांत आहे आणि ती आवाजाची आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांनी ज्या शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवले आणि ज्यांचे नाव सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला दिलेले आहे, त्या नागपुरात गाण्याच्या मैफलींना जाणाऱ्या घरांत आजही गवयाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारले जातात: गळा तयार आहे का, आणि गाणे पिकले आहे का. विल्यम्सचा गळा 2007 मध्येच तयार होता. त्या वयात तिच्याइतक्या ताकदीने तार सप्तकात गाणारी मुलगी त्या संगीतप्रकारात दुसरी नव्हती, असे मी अजूनही म्हणेन. 'लायर' ऐकताना दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. संथ, मोजक्या गिटारच्या साथीवर ती मध्य सप्तकाच्या खालच्या अंगाने गाते, श्वास ऐकू येऊ देते, प्रेमात असूनही ते आजवर स्वतःपाशीसुद्धा नाकारत आल्याची कबुली देते आणि जिथे आधीची विल्यम्स वर चढली असती तिथे जाणीवपूर्वक खाली उतरते. 'क्रेव्ह'मध्ये चालू क्षण निसटण्याआधीच त्याची ओढ लागण्याची विलक्षण अवस्था आहे. त्यात ती वर जाते, पण रुंद, मोकळ्या स्वराने. सुराला धक्का मारून नव्हे.

शेवटचे 'थिक स्कल' हे तर मला या बँडच्या संपूर्ण कारकिर्दीतल्या उत्तम गाण्यांपैकी एक वाटते. तीच ती चूक आपण पुन्हा पुन्हा का करतो, मोडलेल्या माणसांकडेच आपण का ओढले जातो, की मोडणारे आपणच आहोत, असे प्रश्न ती स्वतःला विचारत जाते. गाणे अतिशय हळू, जवळपास कुजबुजत सुरू होते आणि इंचाइंचाने वाढत जाऊन शेवटी गिटारची प्रचंड भिंत उभी राहते. त्या भिंतीवर तिचा जुना, पूर्ण ताकदीचा आवाज येतो. सबंध अल्बमभर आवरून धरल्यामुळे तो तिथे अंगावर येतो, आणि राखून ठेवण्याचा सगळा हिशेब त्या एका मिनिटात चुकता होतो.

दहा गाणी आणि सुमारे 36 मिनिटे, एवढाच हा अल्बम आहे, त्यामुळे तो क्रमाने, एका बैठकीत ऐकावा. नागपूरच्या श्रोत्यांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत 'लायर' आणि 'थिक स्कल'ची सुरुवात अक्षरशः नाहीशी होते, आणि मोबाइलच्या किंवा लहान ब्लूटूथ स्पीकरवर बासचे सगळे काम वाया जाते. 'रायट!' अशाही परिस्थितीत तग धरत असे, कारण त्यात हळू असे फारसे काही नव्हतेच. या अल्बमला बऱ्यापैकी हेडफोन आणि कूलर बंद करता येईल अशी पहाटेची वेळ द्यायला हवी.

व्हीएनआयटी या नागपुरातल्या अभियांत्रिकी संस्थेच्या 'आरोही'सारख्या महाविद्यालयीन महोत्सवांसाठी गाणी बसवणाऱ्या आपल्याकडच्या तरुण बँडनी तर हा अल्बम अवश्य अभ्यासावा. या गाण्यांचे कॉर्ड सोपे आहेत. कठीण आहे ते दोन सुरांमध्ये न वाजवता उभे राहणे, आणि सरावाच्या खोलीत सगळे ॲम्प एकाच पातळीवर चढवून बसणाऱ्या मुलांना ते सर्वांत उशिरा जमते. शीर्षकगीत प्रत्येकालाच वाजवावेसे वाटेल, परंतु सुरुवात 'बिग मॅन, लिटल डिग्निटी'पासून करावी, आणि ड्रमवादकाला काठ्या हलक्या हाताने धरायला सांगावे.