बिल्डिंग सायन्समध्ये मास्टर्स: खर्च किती आणि वर्गात कोण?

इमारतीतली उष्णता, हवा, उजेड, आवाज आणि ऊर्जेचा हिशेब शिकायला परदेशी जायचं ठरलं की आधी फीचा तक्ता उघडला जातो. पण फीइतकाच कोर्सचा कालावधीही खिशाला चाट लावतो.

लॉस एंजेलिसच्या यूएससीचा (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) ‘मास्टर ऑफ बिल्डिंग सायन्स’ दोन वर्षांचा आहे. नुसती फीच १ लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकते. लंडनच्या यूसीएलमधला (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) ‘एन्व्हायर्न्मेंटल डिझाइन अँड इंजिनिअरिंग’ हा एमएससी वर्षभरात संपतो. परदेशी विद्यार्थ्याला फी ३०,००० पौंडांच्या वर, पण दुसऱ्या वर्षाचं घरभाडं वाचतं आणि पगार लवकर सुरू होतो. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात या विषयाच्या मास्टर्सला १२० क्रेडिट, दोन वर्षं; २०२४-२५ मध्ये युरोपीय संघातल्यांना वर्षाला २,५३० युरो, बाहेरच्यांना साधारण आठपट. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक या तंत्रविद्यापीठाच्या ‘इंटिग्रेटेड बिल्डिंग सिस्टिम्स’ला सत्राला ७३० फ्रँक होते, २०२५ च्या शरद सत्रापासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांना तिप्पट. तिप्पट होऊनही युरोपीय संघाबाहेरच्यांना या चौघांत फी इथलीच कमी, मात्र झुरिकचं राहणं महाग.

अमेरिकेच्या बाजूने एक मुद्दा आहे. वास्तुकला व इमारत-विज्ञान हा विषय तिथल्या सरकारच्या ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत येतो, त्यामुळे शिक्षणानंतर कामासाठी १२ अधिक २४ महिने मिळतात. ब्रिटनमध्ये सध्या दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच.

आता वर्गाकडे वळू. माहितीपत्रकातली ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ ही टक्केवारी फसवी असते. त्यातले बहुतेक एक-दोन देशांतलेच असू शकतात. आणि वर्गात कोण येणार हे बऱ्याच अंशी पैसा आणि व्हिसाच ठरवतात. २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. म्हणजे दहा वर्षं साइटवर घालवलेली, घरी लहान मूल असलेली इंजिनिअर आपोआप गळते. तिच्या अनुभवाची जागा कुठलंही व्याख्यान भरून काढत नाही.

माझ्या मते या विषयात राष्ट्रीयत्वापेक्षा आधीच्या पदवीची विविधता जास्त मोलाची. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर इमारतीचं वागणं तपासताना, आर्किटेक्ट खिडकी हलवून पाहतो, तर मेकॅनिकलवाला वातानुकूलनाची गृहीतकं तपासतो. सगळेच आर्किटेक्ट असतील तर चुकीचं गृहीतक सादरीकरणापर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही. यूसीएलला आर्किटेक्ट आणि इंजिनिअर दोघांनाही वाव आहे. डेल्फ्टचा प्रवेश मुख्यतः वास्तुकला-बांधकामाच्या पदवीवर, त्यामुळे देश अनेक असले तरी पेशा जवळपास एकच.

कर्ज काढावं लागणार असेल आणि गणिताची भीती नसेल, तर झुरिकला आधी अर्ज करा. नोकरी सोडून फार काळ राहता येत नसेल तर लंडन. अमेरिका मात्र असिस्टंटशिप (विद्यापीठातच पगारी सहायकाचं काम) किंवा फी-सवलत लेखी हातात पडल्यावरच. व्यावसायिक मास्टर्सना ती सहजासहजी मिळत नाही. आणि कुठेही पैसे भरण्याआधी विभागाला विचारा: गेल्या तुकडीत किती देश होते आणि किती वेगवेगळ्या पदव्या?